वार्षिकांकवाले सर

सुकापुरात राहणाऱ्या माणसाला 'कुठे राहता?' असं विचारलं, तर तो 'न्यू पनवेल' म्हणतो. लग्नाच्या बायोडाटात तर सरळ 'नवी मुंबई' असतं. 'सुकापूर, ग्रामपंचायत पाली-देवद, तालुका पनवेल, जिल्हा रायगड' असा पत्ता छाती पुढे काढून सांगणारा माझ्या माहितीत एकच इसम आहे. तो म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे सर.

सर शाळेत मराठी शिकवतात, पण त्यांची खरी ओळख 'वार्षिकांकवाले सर' अशी. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशात लाल पेन आणि त्याच खिशात अरुण फडक्यांचं 'शुद्धलेखन ठेवा खिशात'. पुस्तकाच्या नावाचं इतकं तंतोतंत पालन करणारा दुसरा वाचक मी पाहिला नाही. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली चारांची भर, असे अठराच्या अठरा नियम त्यांना तोंडपाठ. 'कवी दीर्घ, कविसंमेलन ऱ्हस्व' हे ते जिना चढता चढता सांगतात. लिफ्ट बंद असली की आमच्या इमारतीचं व्याकरण सुधारतं, ते असं.

पण शुद्धलेखन हा सरांचा नुसता छंद. त्यांचा खरा आजार वेगळा आहे. त्यांना मोघम चालत नाही.

दिवाळीची सुट्टी संपली की मुलांचं लिखाण गोळा व्हायला लागतं आणि सरांच्या जेवणाच्या टेबलावर गठ्ठे चढतात. वहिनी ताटं घेऊन मुकाट टीव्हीसमोर बसतात. अशाच एका संध्याकाळी मी चहाला गेलो होतो. सर नववीतल्या कुणाचा तरी सहलीवरचा लेख वाचत होते. 'निसर्गाच्या कुशीत आम्ही देहभान विसरलो.' सरांनी 'देहभान'खाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'डबा कोण विसरलं होतं?' पुढचं वाक्य होतं, 'पक्ष्यांच्या किलबिलाटानं मन मोहरून गेलं.' समासात, 'कोणता पक्षी? कर्नाळ्याला गेला होतात. पाटीवर नावं असतात.' शेवटी 'ही सहल माझ्या स्मरणात कायम राहील.' त्याखाली सरांनी एवढंच लिहिलं, 'मग सांग ना.'

तो लेख तीनदा परत गेला. चौथ्यांदा आला तेव्हा त्यातला निसर्ग पार आटला होता. त्याच्या जागी, बस सुटताना मागे राहिलेला एक मुलगा, त्याला आणायला गेलेले पीटीचे सर आणि मग पीटीच्या सरांना आणायला गेलेले ड्रायव्हरकाका, एवढी मंडळी आली होती. अंकात लोकांनी सगळ्यांत आधी वाचला तो हाच लेख.

चॅटजीपीटी आल्यावर सगळ्या शाळांमधले शिक्षक हवालदिल झाले, सर मात्र ढिम्म. 'माझ्या गावची संध्याकाळ' असा एक गुळगुळीत निबंध आला. त्यात सोनेरी किरणं होती, घरट्याकडे परतणारे पक्षी होते, मंद वाऱ्याची झुळूकही होती. सरांनी तो एका नजरेत बाद केला. "कशावरून मुलानं लिहिलेला नाही?" मी विचारलं. "अहो, सुकापूरची संध्याकाळ आणि डास एकही नाही?"

दहावीच्या निरोपाच्या पानांवर तर सरांना उधाण येतं. प्रत्येक मुलाचा फोटो आणि खाली त्याच्या दोन ओळी, अशी पद्धत. इंग्रजी शाळांनी यिअरबुक म्हणून आणलेली ही चाल आता आमच्याकडेही रुळली आहे. पहिल्या वर्षी निम्म्या वर्गानं स्वप्नांवर लिहिलं आणि खाली कलामसाहेबांचं नाव टाकलं. उरलेल्यांनी मैत्रीवर लिहिलं आणि ते वपुंच्या नावावर खपवलं. सरांनी सगळा वर्ग उभा केला. "कलामसाहेबांचं कोणतं पुस्तक, पान कितवं?" वर्गाला पुस्तक ठाऊक नव्हतं. "मग कलामसाहेबांना बसू द्या. तू शाळेत दहा वर्षं काय केलंस ते लिही." एकानं लिहिलं, 'मी दहा वर्षं खिडकीशेजारी बसलो. प्रबळगड पाठ आहे, भूगोल नाही.' सर इतके खूश झाले की भूगोलाच्या बाईंना स्वतः जाऊन वाचून दाखवलं. बाई तेवढ्या खूश झाल्या नाहीत.

या पानांसाठी सरांचा एक कायदा आहे. स्वतःची टर कितीही उडवा, मात्र दुसऱ्याची उडवायची असेल तर त्याची सही आणायची. 'ढापण्या', 'बटाटा', 'टँकर' ही नावं सहीशिवाय छापली जात नाहीत. जानेवारीत शाळेच्या मधल्या सुट्टीत मुलं कागद घेऊन एकमेकांच्या मागे पळताना दिसतात, त्याचं कारण हे. 'टँकर'नं सही द्यायला दोन वडापाव घेतल्याचं ऐकिवात आहे. पण वीस वर्षांनी अंक उघडल्यावर कुणाला तो पटकन मिटावासा वाटू नये, हा सरांचा मुद्दा बिनतोड आहे.

मोठ्यांची तर त्याहून तारांबळ. अंकासाठी एका पुढाऱ्याकडून लेटरहेडवर शुभेच्छा आल्या, 'आपल्या स्पर्धेतील सर्व खेळाडूंना आणि संघमालकांना'. आमच्या भागात टेनिस बॉल क्रिकेटचा हंगाम आणि गॅदरिंगचा हंगाम एकच, त्यामुळे मजकूर अदलाबदल झाला असावा. दुसरा कुणी असता तर 'खेळाडू' खोडून 'विद्यार्थी' केलं असतं. सरांनी फोन लावून नम्रपणे विचारलं, "साहेब, आमच्या अंकाचा अंपायर कोण?" मुख्याध्यापिकाबाईंच्या मनोगतातली 'सर्वांगीण विकास' ही जोडी त्यांनी पाच ठिकाणी अधोरेखित केली आणि शेजारी अदबीनं लिहिलं, 'बाई, यातलं एक अंग तरी सांगावं.' बाईंनी मग नव्या प्रयोगशाळेबद्दल लिहिलं. छान लिहिलं.

फोटोखालच्या ओळी हे सरांचं तीर्थक्षेत्र. 'डावीकडून बसलेले' एवढ्यावर त्यांचं भागत नाही. मागच्या रांगेत कुणाच्या तरी खांद्यामागून अर्धा कान दिसत असला, तर त्या कानाचा मालक शोधायला सर वर्गावर्गांत हिंडतात. शिपाईमामांचं पूर्ण नाव, रिक्षाकाकांचं पूर्ण नाव, कॅन्टीनच्या मावशींचं माहेरचं गाव, सगळं छापून येतं. मावशींनी तो अंक देवघरात ठेवला आहे.

सरांचे आदर्श साने गुरुजी. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत असताना गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हातानं लिहून काढत. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिकही सुरू केलं. "त्यांना डीटीपी नव्हतं की जाहिराती नव्हत्या, आणि आम्हाला वर्षातून एक अंक झेपेना," असं म्हणून सर दरवर्षी नव्यानं शरमतात आणि मग दुप्पट लाल शाई खर्च करतात.

ही लाल शाई कशासाठी, ते मला एका लेखानं कळलं. मूळ गावातल्या एका आगरी मुलीनं आजीबद्दल लिहून आणलं होतं. पहिल्या खेपेला आजी 'मायेचा सागर' होती. सरांनी विचारलं, "सागर सोड. आजी दिवसभर काय बोलते?" दुसऱ्या खेपेला लेख आला तो असा. आजी सोसायटीत फिरते आणि बोट दाखवून सांगते, जिथे आता बी विंगची लिफ्ट आहे तिथे आमचं खळं होतं, आणि गाड्या लावतात तिथे भात झोडायचो. आजीचं बोलणं मुलीनं आगरीत, जसंच्या तसं ठेवलं होतं. डीटीपीवाल्यानं ते प्रमाण मराठीत 'सुधारून' दिलं. अठरा नियमांचा हा कैवारी त्या दिवशी दुकानात जाऊन भांडला आणि शब्द न् शब्द पूर्ववत करून घेतला.

मधोमध पिन मारलेल्या अंकाची पानं चाराच्या पटीत लागतात. त्यामुळे दर वर्षी एखादं पान उरतं आणि बाकीच्या शाळा त्यावर सुविचार टाकतात. सर त्यावर 'यंदाचे भाव' छापतात. त्यात स्टेशनपर्यंतच्या शेअर रिक्षाचं भाडं असतं, वडापाव, दोनशे पानी वही, सायकलचं पंक्चर हेही असतं. पालकसभेत या पानावर हसू झालं. पण माजी विद्यार्थी आले की अंकाची मागची बाजू आधी उघडतात.

एवढ्या करड्या माणसाचं स्वतःचं संपादकीय कसं असेल? गेल्या वर्षी ते असं सुरू होत होतं, 'ज्ञानगंगेच्या पवित्र तीरावर उमललेल्या या कोवळ्या कळ्यांच्या प्रतिभेचा सुगंध…' संपादक मंडळातल्या नववीच्या दोन मुलींनी प्रूफ परत आणून दिलं. समासात लाल शाईत प्रश्न होते. 'सर, गंगा कुठे? आपल्याकडे गाढी आहे. कळ्या कोण? बॅकबेंचर पण?' सर बराच वेळ प्रूफाकडे बघत बसले. मग त्यांनी पान फाडलं आणि नवं संपादकीय लिहिलं, 'हा अंक ६४ पानांचा आहे. तो मुलांनी लिहिला आहे. चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या.' शाळेच्या इतिहासात संपादकीय शेवटपर्यंत वाचलं गेलं, ते तेव्हाच.

आता जानेवारी येतोय. तुमच्या घरातलं पोरही वार्षिकांकासाठी दोन ओळी लिहून तुमच्यापुढे धरेल. कृपा करून त्यात सागर, कळ्या आणि कलामसाहेब घालू नका. एवढंच विचारा, "नेमकं काय झालं होतं?" आणि ते जे सांगेल तेच, त्याच्याच शब्दांत, लिहू द्या.