भुताचा भत्ता

आमच्या इमारतीत रात्री साडेदहाला किंकाळी ऐकू आली तर कोणी दार उघडून बाहेर येत नाही. भुताची मालिका चालू असेल, एवढंच समजतात. किंकाळीपाठोपाठ "हा आवाज मागाहून भरलाय" असंही ऐकू आलं, तर ते घर काकांचं.

काकांना नाव आहे, आडनाव आहे, दारावर पितळी पाटीही आहे. पण आंबिवलीत ते 'जनरेटरवाले काका'. अंबरनाथच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून त्यांची अख्खी हयात गेली, त्याबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत. नव्वदच्या दशकात कधीतरी एका मित्राचा हेल्पर आजारी पडला म्हणून त्याने काकांना भुताच्या एका मालिकेच्या शूटिंगला जनरेटर व्हॅनवर नेलं. चार रात्री. ती चार रात्रींची नोकरी आज तीस वर्षं चालू आहे. मालिका कुठली विचारलं की काका इकडेतिकडे बघून म्हणतात, "नाव नको. युनिटचं बाहेर बोलायचं नसतं." आणि मग युनिटचं सगळं बोलतात.

काकांचा भुतांवर विश्वास नाही. पण तो नास्तिकपणा विज्ञानातून आलेला नाही, खर्चाच्या हिशोबातून आलाय. "हे बघ," ते मला कसारा लोकलच्या दारात समजावतात, "हडळीची साडी पांढरी, म्हणजे ती धुवायला ड्रेसदादा आला. केस मोकळे, म्हणजे हेअरड्रेसर आली. केस उडायला पाहिजेत, म्हणजे पंखा आणि पंख्याला माणूस. मागे धूर, धुराला माणूस. पंख्याने धूर उडतो, म्हणून त्या दोघांची भांडणं सोडवायला तिसरा माणूस. एक हडळ उभी करायची तर चाळीस पानं उठतात रे! खऱ्या भुताच्या मागे कोण आहे एवढं?"

मागे एकदा गणपतीत अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांचं व्याख्यान ठेवलं होतं. चमत्कार सिद्ध करणाऱ्याला समितीने जाहीर केलेल्या २१ लाखांच्या आव्हानाची गोष्ट निघाली, तेव्हा काका हात वर करून उभे राहिले. आम्हाला वाटलं, प्रश्न विचारतील. ते म्हणाले, "२१ लाखांत नाही हो बसत. हल्लीचे रेट बघा."

रामसे बंधूंचं नाव मात्र ते कानाची पाळी पकडून घेतात. १९९३ साली 'झी हॉरर शो' आणणारे हेच रामसे. त्याआधी १९७२ साली त्यांनी 'दो गज़ ज़मीन के नीचे' काढला, तो महाबळेश्वरला, सगळं कुटुंब घेऊन. भाऊ सात. कुमार लिहिणार, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजाला, अर्जुन एडिटिंगला, केशू इतर व्यवस्थेला, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला. प्रेत आपल्या जागी, रामसे आपापल्या जागी. काकांना या कुटुंबाचा हेवा वाटतो. "घरची माणसं! भत्ता नाही, कन्व्हेयन्स नाही. असं भूत परवडतं." त्यांच्या स्वतःच्या दोन मुलांपैकी एक बँकेत आहे, दुसरा पुण्याला. भूत काढायचं मनात आणलं तरी कॅमेऱ्याला माणूस नाही.

'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये झी मराठीवर सुरू झालं, तेव्हा इमारतीतल्या बायका दिवेलागणीनंतर जिन्यात एकट्या जात नव्हत्या. काकांनी त्यांची भीती घालवायला म्हणून सांगितलं, की तो विसराळू पांडू आहे ना, प्रल्हाद कुडतरकर, तो ती मालिका लिहितोसुद्धा. म्हणजे पुढे काय होणार ते फक्त त्यालाच आठवतं. भीती गेली, पण मजाही गेली. काकूंनी आठवडाभर त्यांना टीव्हीसमोर बसू दिलं नाही. पुढे सावंतवाडीजवळच्या आकेरीला, मालिकेतला नाईकांचा वाडा बघायला आमची सहल गेली. सगळे ओसरीवर फोटो काढत होते. काका घराच्या मागच्या बाजूला पावलं मोजत फिरत होते. जनरेटर कुठे उभा केला असेल ते शोधत होते. एवढ्या अंतरावर ठेवला तर आवाज माइकात येणार नाही, अशी एक जागा त्यांनी नक्की केली आणि तिथे उभं राहून माझ्याकडून एकच फोटो काढून घेतला. फोटोत काका आहेत आणि एक माड.

त्यांचं खरं वैर आहे ते भूत शोधणाऱ्या परदेशी मालिकांशी. नातवाने मोबाइलवर दाखवल्या आणि घात झाला. अमेरिकेतली 'घोस्ट हंटर्स' २००४ मध्ये सुरू झाली, तिचे दोन नायक जेसन हॉज आणि ग्रँट विल्सन हे दिवसा प्लंबर. इथवर काका खूश होते. प्लंबर म्हणजे आपल्यातला माणूस, पाइपातला आवाज कुठला आणि भुताचा कुठला हे त्याला कळणारच. पण ही मंडळी घरात शिरल्या शिरल्या दिवे घालवतात आणि अंधारात दिसणाऱ्या कॅमेऱ्याने शूटिंग करतात, हे पाहून काका पलंगावर उठूनच बसले. "दिवे घालवून भूत शोधतात? आमच्या वेळी भूत दिसावं म्हणून दिवे लावायचे! भुतावर सोलर, हिरॉइनवर बेबी." (सोलर म्हणजे मोठा दिवा आणि बेबी म्हणजे छोटा, हे मला चौथ्यांदा ऐकल्यावर कळलं. तोवर मी त्या बेबीच्या काळजीत होतो.) दिवेच नाहीत म्हटल्यावर जनरेटर कशाला लागतो? आणि जनरेटर नाही, तर मग काका कोण? हा प्रश्न त्यांनी बोलून दाखवला नाही, पण त्या रात्री ते जेवले नाहीत.

ब्रिटनमधल्या 'मोस्ट हॉन्टेड'चा किस्सा मात्र ते चवीने सांगतात. त्या मालिकेत डेरेक अकोरा नावाचे गृहस्थ अंगात आणून जुन्या मेलेल्या माणसांशी बोलायचे. मालिकेतल्याच कीरन ओकीफ या अभ्यासकाला संशय आला. त्याने बॉडमिनच्या जुन्या तुरुंगात जाण्याआधी 'क्रीड काफर' नावाचा एक जेलर मनानेच तयार केला आणि ते नाव डेरेक यांच्या कानावर जाईल अशी व्यवस्था केली. शूटिंगच्या वेळी हा कधीच न जन्मलेला जेलर डेरेक यांच्या अंगात आला. त्या नावातली इंग्रजी अक्षरं हलवून पुन्हा मांडली की 'डेरेक फेकर', म्हणजे ढोंगी डेरेक, असं होतं. ओकीफने हे सगळं २००५ साली वर्तमानपत्राला सांगून टाकलं. त्याच वर्षी तिथल्या ऑफकॉम या नियामक संस्थेनेही सांगितलं, की हा कार्यक्रम करमणुकीचा समजावा, खराखुरा शोध नव्हे. यात लबाडी कोणाची, हा वाद काका घालत नाहीत. त्यांचं मत वेगळंच: "स्क्रिप्टमध्ये नाव आलं की आर्टिस्टने विचारायचं असतं, हा कोण? नाही विचारलं. चूक आर्टिस्टची."

शेजारच्या मोहन्याची एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली, तेव्हापासून अंधाराला आणि ओस भिंतींना आमच्याकडे तोटा नाही. गेल्या पावसाळ्याआधी वरच्या मजल्यावरच्या मुलाने ऑनलाइन एक दिव्याचा मीटर मागवला. भूत जवळ आलं की लाल दिवा लागतो म्हणे. तिघे मित्र, दोन मोबाइल आणि सल्लागार म्हणून काका, असा लवाजमा रात्री बाराला तिथल्या एका पडक्या पंपहाउसपाशी गेला. मी का गेलो, ते काकूंना विचारा. काकांना सुखरूप परत आणायची जबाबदारी त्यांनी माझ्यावर टाकली होती.

मीटर लगेच लाल झाला. पोरं थिजली. काका म्हणाले, "खिशातला मोबाइल लांब ठेव." दिवा हिरवा. मग एकाच्या फोटोत पांढरे गोळे तरंगताना दिसले. "धूळ आहे. फ्लॅश भिंगाला खेटून असला की जवळची धूळ अशीच चमकते." पोरांचे चेहरे उतरत चालले. सल्लागार नेल्याचा पश्चात्ताप मला त्यांच्या पाठीवरूनसुद्धा दिसत होता.

तेवढ्यात पंपहाउसच्या कोपऱ्यावरून एक पांढरी आकृती पुढे आली. डोक्यावरून खाली काहीतरी ओढलेलं, पाय गवतात, म्हणजे दिसत नव्हतेच. दोन पोरं पळाली. तिसरा पळायचं विसरला. मी काकांचा दंड धरला, आधारासाठी. काका डोळे बारीक करून बघत होते.

"लाइट मागून येतोय," ते म्हणाले. "चेहरा काळा पडणार." आणि मोठ्याने, "ओ दादा, दोन पावलं मागे. हां. परत या."

आकृती खरंच दोन पावलं मागे गेली आणि परत आली. जवळ आल्यावर डोक्यावरचा टॉवेल काढून तिने आम्हाला कोणाच्या परवानगीने आत आलात ते विचारलं. वॉचमन होता. डासांसाठी टॉवेल घेतला होता.

पोलिसांपर्यंत गोष्ट जाऊ नये म्हणून मी विनवण्या करत होतो. काकांनी मला बाजूला सारलं, खिशातून पाकीट काढलं आणि वॉचमनच्या हातावर पन्नासची नोट ठेवली. "दोनदा आलास म्हणून पन्नास. एकदाचे तीसच असतात."

काकांची खर्चाची वही मी पाहिली आहे. त्या तारखेला दूध, इस्त्री, मोबाइल रिचार्ज आणि त्याखाली 'भूत (चहा धरून) – ५०' अशी नोंद आहे.