दाढेची चौकशी

चामराजपेट ही बंगळूरमधली, 1892 साली फूटपट्टी लावून आखलेली वस्ती. पाच मेन रोड, त्यांना छेदणारे क्रॉस. पत्ता चुकायची सोयच नाही. इतक्या सरळ रस्त्यांवर राहणारी माणसं निर्णयही सरळ घेत असतील असं कुणाला वाटेल. पण इथल्या प्रत्येक मेनवर एक तरी चौकशीवाले अप्पा असतातच. मिक्सर घ्यायचा असो की नातीचं स्थळ बघायचं असो, अप्पांची चौकशी सगळ्यांच्या आधी सुरू होते आणि मिक्सरचं ते मॉडेल बंद झालं, नात दुसरीकडे उजवली गेली, की मगच थांबते.

आमच्या क्रॉसवरचे अप्पा स्टेट बँक ऑफ मैसूरमधून निवृत्त झाले. ती बँक 2017 साली स्टेट बँकेत विलीन झाली. अप्पांच्या मते पुरेशी चौकशी न करता. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, डॉक्टरपुढे इंग्रजी, आणि रागावले की तिन्ही एकदम.

दोन वर्षांपूर्वी कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी ते बसवनगुडीच्या कडलेकाई परिषेला, म्हणजे नंदीच्या देवळापाशी भरणाऱ्या शेंगांच्या जत्रेला गेले. शेंगांत खडा निघाला आणि उजवीकडची खालची दाढ उभी चिरली. ती काढावी लागली. काढण्यापूर्वी चौकशी करता आली नाही, ठणका फार होता. तो अनुशेष त्यांनी नंतर भरून काढला.

पहिल्याच डॉक्टरनं समजावलं, "नोडि सार, ब्रिज करू. शेजारचे दोन दात चहूबाजूंनी घासायचे, त्यांच्यावर कॅप बसवायच्या, मधे खोटी दाढ. तिन्ही एकसंध." हिशेब अर्थातच दर दातामागे.

"म्हणजे गेली एक, पैसे तिनाचे?" अप्पा म्हणाले. "कर्ज बुडवून गेली ती, आणि हे दोघे जामीनदार! त्यांची सालं का काढायची?"

हसू येतं, पण प्रश्न अडाणी नाही. दातावरचं कवच एकदा घासलं की पुन्हा उगवत नाही. शेजारी धडधाकट असतील तर त्यांना हात न लावता हाडात टिटॅनियमचा स्क्रू बसवणं, म्हणजे इम्प्लांट, हा सरळ मार्ग. शेजारच्या दातांत आधीच मोठं सिमेंट भरलेलं असेल, त्यांना कॅप लागणारच असेल, तर ब्रिज फायद्याचा. अप्पांच्या तोंडात एक शेजारी असा होता आणि एक तसा. चौकशीवाल्या माणसाला देवानं याहून मोठं वरदान ते काय द्यायचं?

राहता राहिली काढता-घालता येणारी, सर्वांत स्वस्त दाढ. तिच्यावर अप्पांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनीच फुली मारली. "रात्री वाटीत काढून ठेवणार हे, आणि सकाळी त्याच वाटीत मी साखर घालणार!"

मग पहिल्या मेनपासून पाचव्या मेनपर्यंत मोहीम निघाली. फोर्टजवळच्या सरकारी दंत महाविद्यालयातही जाऊन आले. खिशात कागदाच्या पुडीत कोडबळं, म्हणजे इकडचं कडक कडबोळं असायचं. अप्पा ते डॉक्टरच्या टेबलावर ठेवायचे आणि विचारायचे, "हे चावता येईल?" जो लगेच 'हो' म्हणेल तो थापाड्या. जो 'नको' म्हणेल त्याला आपल्या कामाची खात्री नाही. "मोडून, मागच्या दातांनी, जपून" असं सांगणारा डॉक्टर त्यांना पटला. फक्त त्याच्या दवाखान्याला लिफ्ट नव्हती.

त्याच डॉक्टरकडे रंगाचा प्रसंग घडला. दाताच्या रंगांचे नमुने ओळीनं लावलेली पट्टी त्यानं अप्पांच्या ओठाशी धरली. दिवसाला पाच वेळा फिल्टर कॉफी पिणाऱ्या दातांशी ए-साडेतीन जुळला. अप्पांनी आरशात पाहिलं, मान वाकडी केली. "साडेतीन कशाला? एवढे पैसे देतोय, पूर्ण चार द्या." आकडा वाढला की रंग अधिक काळवंडतो, हे डॉक्टरनं सांगितल्यावर ते लगेच एकवर आले. काकू म्हणाल्या, "एकच पांढरी शुभ्र दाढ घेऊन फिरणार? अंधारात तेवढीच दिसेल."

झिर्कोनियाच्या दाढेबरोबर दहा वर्षांचं वॉरंटी कार्ड मिळतं हे कळलं तेव्हा अप्पांचं वय एकाहत्तर होतं. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि विचारलं, "उरलेली वर्षं वारसाच्या नावावर करता येतात का?" इटलीतले एट्रस्कन लोक सुमारे 2700 वर्षांपूर्वी सोन्याच्या पट्टीनं खोटे दात बांधत, हे नातवानं फोनवर दाखवलं. अप्पा हळहळले. "ते बरं होतं. अडीअडचणीला गहाण तरी टाकता यायचं."

तोंड मात्र कुणासाठी थांबत नाही. जागा रिकामी दिसली की मागची दाढ पुढे कलते, वरची खाली उतरते. अप्पांच्या मागच्या दाढेनं एव्हाना चांगलेच हातपाय पसरलेत. नवा डॉक्टर म्हणाला, आता आधी वरची दाढ थोडी घासावी लागेल, कललेलीचा वेगळा विचार करावा लागेल, खर्चही वाढेल. दुसरा कुणी हबकला असता. अप्पांना चौकशीचे दोन नवे मुद्दे मिळाले.

यात एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. आमच्या भागात ज्याची दाढ जाते तो आता डॉक्टरच्याही आधी अप्पांकडे येतो. ते प्रेमानं बसवतात, बाय-टू कॉफी, म्हणजे एक कॉफी दोघांत, मागवतात, आरशापुढे तोंड उघडायला लावतात आणि खरंच नेमका सल्ला देतात. तिसऱ्या मेनवरच्या एका मामांनी त्यांचं ऐकून पंधरवड्यात ब्रिज बसवून घेतला आणि खूश होऊन कोडबळ्यांचा डबा पाठवला. अप्पांनी एक कोडबळं कॉफीत बुडवलं, डाव्या बाजूनं सावकाश चावलं आणि डबा घेऊन आलेल्या मुलाला विचारलं, "पैसे तिन्ही दातांचे दिले, की काही घासाघीस केली?"