मुंडकं रोजचंच

मार्गळीचा महिना. चेन्नईचं अख्खं मैलापूर सभांमधून कर्नाटक संगीताच्या कच्चेरी ऐकत आणि कॅन्टीनच्या डोशावर रागाइतकीच गंभीर चर्चा करत हिंडतंय. आम्ही मात्र फ्लॅटात रॉकगायक अ‍ॅलिस कूपरची मैफल व्हिडिओवर पाहतोय, तीही आवाज बारीक करून. शॉक रॉक झालं म्हणून शेजारच्या मामींची झोप का मोडा?

गळ्यात अजगर, डोळ्यांखाली ओघळलेलं काजळ, मग स्ट्रेटजॅकेट, मग गिलोटिन. पातं खटकन खाली येतं. रक्ताळलेलं मुंडकं केसांना धरून नाचवणारी बाई म्हणजे शेरिल कूपर, 1976 पासूनची धर्मपत्नी. नवऱ्याचं मुंडकं जाहीररीत्या उडवायची, वर टाळ्या घ्यायची सोय किती जणींच्या संसारात असते? गृहस्थ स्वतः 1948 चे, पाद्र्याचे चिरंजीव. दारू केव्हाच सोडलेली, आता व्यसन गोल्फचं. 1972 साली ब्रिटनच्या नीतिरक्षक मेरी व्हाइटहाउस यांनी त्यांच्या ‘स्कूल्स आउट’ या गाण्यावर बीबीसीने बंदी घालावी म्हणून आकांडतांडव केलं, तेव्हा या राक्षसाने त्यांना फुलं पाठवली. जाहिरातीचा खर्च वाचवल्याबद्दल!

तंजावरच्या मराठे राजांच्या आश्रयाने वाढलेला भागवत मेळा हा नाट्यप्रकार मेलट्टूर गावी आजही होतो. तिथे नरसिंहाचा मुखवटा चढला की नटाला आवरायला चार माणसं दोन्ही बाजूंनी धरून असतात. कूपरसाहेबांना धरावं लागत नाही. मुंडकं उडाल्यावर ते टॉप हॅट घालून वेळेवर परत येतात, प्रेक्षकांवर फुगे सोडतात आणि वाद्यवृंदाची नावानिशी ओळख करून देतात.