बेडरूममधलं बिझनेस स्कूल

नोकरी आणि संसार सांभाळून ऑनलाइन एमबीए करू इच्छिणाऱ्या नवशिक्यांनी आधी पुढील सामग्री जमवावी : बॅटरी टिकणारा लॅपटॉप, हेडफोन, आतून कडी लागणारी एक खोली आणि एमबीए न करणारा घरातला किमान एक माणूस. पहिल्या तीन गोष्टी हप्त्यावर मिळतात. चौथी बहुतेक घरांत आधीपासून असते, म्हणून तिचा उल्लेख कुठल्याच माहितीपुस्तिकेत नसतो.

वय साधारण पस्तीस ते पंचेचाळीस. लक्षण एकच. ज्या पोराला तुम्ही हाताला धरून काम शिकवलंत, तो तुमचा मॅनेजर होतो आणि त्याच्या ई-मेलखालच्या सहीत नावापुढे एमबीए अशी तीन अक्षरं दिसू लागतात. चाकणचा कारखाना असो, हिंजवडीचं आयटी पार्क असो की ठाण्यातली बँक, लक्षण सगळीकडे तेच. घाबरू नका. उपाय आहे, फक्त महाग आहे.

पहिली पायरी : विद्यापीठ निवडणं

सहज म्हणून एखाद्या वेबसाइटवर मोबाइल नंबर टाकलात की पाचव्या मिनिटाला ‘काउन्सेलर’चा फोन येतो. तुमच्या करिअरची इतकी काळजी आजवर कोणी केलेली नसते, त्यामुळे जरा भरून येतं. स्कॉलरशिप आज रात्री बारापर्यंतच आहे, असं तो सांगतो. ती उद्याही असते.

फोन ठेवा आणि यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोची यादी उघडा. त्या विद्यापीठाला, त्या अभ्यासक्रमासाठी, तुम्ही प्रवेश घेताय त्याच सत्राला मान्यता आहे का, ते पाहा. फोन करणारी कंपनी बऱ्याचदा विद्यापीठ नसतेच, नुसती विक्रेती असते. आणि फ्रँचायझी देऊन पदवी वाटायला यूजीसीच्या नियमांत जागा नाही. मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची, हे यूजीसीने २०२२मध्ये स्पष्ट केलं आहे. एवढं वाक्य पाठ करा, सासऱ्यांना ऐकवावं लागतं. कमी पैशांत भागवायचं तर दूरशिक्षणवाली इग्नू १९८५पासून आहे आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९पासून. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे मुक्त विद्यापीठाचं ब्रीदवाक्य. गंगा घरात शिरल्यावर फरशी कोण पुसतं, ते पुढे येईलच.

पैशांचं थोडक्यात : शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात वजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीत. नवी निवडली असेल तर नुसतं ज्ञान मिळेल.

दुसरी पायरी : वेळ काढणं

इथे वही-पेन घ्या. इग्नूच्या हिशेबात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. एमबीए साधारण शंभर क्रेडिटचं धरा. झाले ३,००० तास. दोन वर्षांचे दिवस ७३०. म्हणजे रोज चार तासांहून थोडं जास्त, दिवाळी, गणपती, मुलाचा ताप आणि चुलतभावाचं लग्न धरून. हा हिशेब मांडणाऱ्याला मुलं नसावीत. किंवा असतील, तर ती सांभाळणारं दुसरं कोणीतरी असावं.

चार तास आणायचे कुठून? नवशिक्याला वाटतं, ते कुठेतरी पडलेले असतात, उचलायचे. थोडे खरोखरच असतात. कंपनीच्या बसमध्ये एक तास निघतो. चाकणच्या तळेगाव चौकात बस अडकली की दीड. प्राध्यापक दीडपट वेगाने, बस शून्य वेगाने. मोबाइलवर रील बघण्यातून अर्धा तास वाचवता येतो, पण तो तुम्ही वाचवणार नाही. झोपेतून एक तास काढा. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये तो परत झोपता येतो. उरलेले दीड-दोन तास मात्र कोणाच्या तरी नावावर असतात आणि ते त्याच्या खात्यातून काढावे लागतात. बहुतेक जण खातेदाराला न विचारताच काढतात.

तिसरी पायरी राहून गेली आहे. सध्या तिला एटीकेटी लावून पुढच्या सत्रात जाऊ.

चौथी पायरी : आपण ‘तो’ आहोत की ‘ती’, हे तपासणं

प्रवेशअर्जात हा रकाना असतोच, पण त्याचा अभ्यासक्रमावर काय परिणाम होतो ते तिथे लिहिलेलं नसतं.

विद्यार्थी ‘तो’ असेल तर रात्री आठच्या लाइव्ह लेक्चरला बेडरूमचं दार लागतं. बाहेर टीव्हीचा आवाज उतरतो. मुलांना ‘बाबांचा अभ्यास चाललाय’ म्हणून दबक्या आवाजात भांडायला सांगितलं जातं. आई शेजारच्या काकूंना कौतुकाने सांगते, ‘अजूनही शिकतोय हो, कंपनीचं सगळं सांभाळून.’ साडेआठला दारावर हलकी टकटक होते आणि चहा आत जातो. चहा कोणी केला, हा प्रश्न त्या दिवशीच्या लेक्चरमध्ये येत नाही. विषय बहुधा लीडरशिप असतो.

विद्यार्थी ‘ती’ असेल तर तेच लेक्चर मिसळणाच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर चालतं. एका कानात ब्लूटूथ, दुसरा कान कुकरच्या शिट्ट्यांसाठी मोकळा. कॅमेरा बंद, माइक म्यूट. प्राध्यापक नेमकं तिचंच नाव घेऊन विचारतात, ‘युअर व्ह्यूज?’ तेव्हा दोन्ही हात कणकेत असतात, म्हणून ती कोपराने म्यूट काढते आणि उत्तर देते. उत्तर बरोबर असतं. सासूबाई विचारतात, ‘आता या वयात कशाला गं? प्रमोशन मिळणार आहे का?’ मुलाला त्यांनी विचारलेलं असतं, ‘प्रमोशन मिळेल ना रे?’

ज्यांना पुराव्याशिवाय पटत नाही त्यांच्यासाठी आकडा. २०१९च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, असं आढळलं. पुरुषांची ९७. ही ९७सुद्धा घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची. न लावणारे या सरासरीत धरलेलेच नाहीत. २९९ मिनिटं म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. दुसऱ्या पायरीत आपण जे चार तास शोधत होतो ते कुठे आहेत, हे आता लक्षात आलं असेल. विद्यार्थी ‘ती’ असेल, तर तिला ते स्वतःच्याच खिशातून चोरावे लागतात.

पाचवी पायरी : ज्ञानाचा घरात वापर न करणं

पहिल्या सेमिस्टरमध्ये मास्लो भेटतो. त्याच्या १९४३च्या गरजांच्या सिद्धान्तात सगळ्यात खाली अन्न आणि झोप असते आणि पुढे ती उतरंड चढत आत्मसिद्धीपर्यंत जाते. तुम्ही थेट वरून सुरुवात केली आहे, हे सेमिस्टर संपेपर्यंत ध्यानात येईल. मग येतो हर्झबर्ग. पगाराने माणूस पेटून उठत नाही, पगार कमी पडला तर नाराज मात्र होतो, असं त्याचं म्हणणं. हे घरी कामाला येणाऱ्या मावशींना पगारवाढीऐवजी ऐकवू नका. त्यांना हर्झबर्ग माहीत नसला तरी शेजारच्या सोसायटीतला दर माहीत असतो.

खरा धोका बीसीजी मॅट्रिक्सचा. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपने १९७०च्या सुमारास काढलेली ही चार खणांची चौकट : स्टार, कॅश काऊ, क्वेश्चन मार्क आणि डॉग. कंपनीने आपली उत्पादनं त्यांत बसवायची असतात. नवशिक्या रविवारी दुपारी घरच्यांना बसवतो. पेन्शनवाले बाबा दुभत्या गायीच्या खणात, मोठी मुलगी स्टार, धाकटा भाऊ प्रश्नचिन्ह. चौथ्या खणात कोणाचंही नाव असो, तो कागद डायनिंग टेबलवर ठेवून आंघोळीला जाऊ नका.

एक केस मात्र हमखास भेटेल : मुंबईचे डबेवाले. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१०मध्ये त्यांच्यावर केस स्टडी काढली, त्यामुळे मावळ-जुन्नरच्या माणसांची कामाची पद्धत आता आपण हप्ते भरून इंग्रजीत शिकतो. चर्चेत डब्यावरच्या खुणांबद्दल बोला, लोकलच्या वेळापत्रकाबद्दल बोला, चुका किती कमी होतात त्याचं आश्चर्य करा. डबा दारात तयार होण्याआधी तो भरायला पहाटे कोण उठलं, हे विचारू नका. मार्क डबा उचलल्यापासून सुरू होतात.

सहावी पायरी : व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप

यात सगळे सहाध्यायी असतात. एक दुबईला, एक नागपूरला, चौघे कुठे आहेत ते कोणालाच ठाऊक नसतं. असाइनमेंटची मुदत रात्री ११.५९ला संपते. ११.२०ला पहिला मेसेज येतो, ‘कुणाची झाली का? रेफरन्ससाठी हवी होती.’ चॅटजीपीटीकडून लिहून घेण्याचा मोह होईल. तसं केलेले तिघे एकाच ग्रुपमध्ये असले की तिघांच्याही उत्तरात तीच पाच मुद्द्यांची यादी त्याच क्रमाने येते.

सातवी पायरी : घरातून परीक्षा

प्रॉक्टर्ड परीक्षेत कॅमेरा तुमच्यावर नजर ठेवतो. आधी लॅपटॉप गोल फिरवून सगळी खोली दाखवायची. खोलीत दुसरं माणूस नको, आवाज नको, नजर इकडेतिकडे नको. ज्यांनी हे नियम केले ते टू-बीएचकेत राहत नसावेत.

आतून कडी लागणारी खोली म्हणजे बेडरूम. घराचं एकुलतं एक मोठं कपाटही तिथेच. त्यामुळे तुम्ही कडी लावलीत की पुढचे तीन तास सबंध कुटुंबाचे टॉवेल, शाळेचे गणवेश आणि बाबांच्या बीपीच्या गोळ्या तुमच्यासोबत परीक्षेला बसतात. सगळं आदल्या रात्री बाहेर काढून ठेवा. कोणतीतरी एक वस्तू तरीही आत राहते, आणि ती हवी असलेला माणूस दाराबाहेरून हाक मारतो. उत्तर देऊ नका. बोललात की सॉफ्टवेअर नोंद करतं.

भिंतीवरचा आजोबांचा फोटोही उतरवा. हार घातलेले, चष्म्यातून रोखून बघणारे आजोबा कॅमेऱ्याला खोलीतला दुसरा चेहरा वाटू शकतात, आणि ते तिथे कॉपी पुरवायला नाहीत हे इंग्रजी चॅटबॉक्समध्ये समजावताना वीस मिनिटं जातात. पुण्यात असाल तर पेपर गुरुवारी आलाय का ते बघा. दुरुस्तीच्या नावाखाली वीज किंवा पाणी जायचा तो वार. पाणी गेलेलं चालतं. भंगारवाल्याच्या गाडीवरचा भोंगा खिडकीखाली आला तर खिडकी लावायलाही उठू नका, कॅमेऱ्याबाहेर गेलात अशी नोंद होते.

निकाल लागतो. मार्कशीट पीडीएफमध्ये येते. लिंक्डइनवर पोस्ट टाकायची असते आणि तिच्यात शेवटी ‘फॅमिलीच्या सपोर्टशिवाय हे शक्य नव्हतं’ हे वाक्य घालायचं असतं. ३,००० तासांची परतफेड म्हणून बाजारात सध्या हाच दर चालू आहे.

एटीकेटी : राहिलेली तिसरी पायरी

घरच्यांना विचारणं. हा पेपर फी भरण्याआधी द्यायचा असतो, पण बहुतेकांचा तो शेवटी राहतो. दंड भरून आता सोडवू.

जेवणं आटोपल्यावर बसा. प्रेझेंटेशन आणू नका. कागदावर घरातली कामं लिहून काढा : सकाळचे डबे, शाळेच्या ग्रुपवरचे निरोप, दूधवाल्याचा हिशेब, गॅस नंबर लावणं, आईंना डॉक्टरकडे नेणं, मुलाचं गणित. प्रत्येकापुढे सध्या ते कोण करतं ते लिहा. तेच नाव सारखं येऊ लागलं की पेन समोरच्याच्या हातात द्या. त्या बदल्यात जे मागितलं जाईल ते लेखी कबूल करायचं, मुदतीसह. ‘मला सांगितलं असतंस तर केलं असतं’ या वाक्याला पूर्ण बंदी. खाली दोघांच्या सह्या. साक्षीदार म्हणून सासूबाई चालतील, पण त्यांना सगळा मजकूर आधी मोठ्याने वाचून दाखवावा लागेल, कारण रविवारचे तीन तास आपण त्यांच्या नावावर टाकले आहेत.