बाकीचं कोणाकडून तरी घ्या

"एन्व्ह फाइलमधल्या बाकीच्या व्हॅल्यूज टीममधल्या कोणाकडून तरी घ्या."

रीडमी फाइलमधली ही चौथी पायरी. पाचवी पायरी अशी: "आता सर्व्हर सुरू होईल." या दोन पायऱ्यांच्या मध्ये हिंजवडीत नुकत्याच जॉइन झालेल्या एका पोराचा पहिला सगळा आठवडा गेला. त्याची नोंद कुठेही नाही, कारण क्रमांक पायऱ्यांना असतात, मधल्या खड्ड्याला नसतो.

आधीच्या तीन पायऱ्या बघण्यासारख्या आहेत. पहिलीत गिट बसवायचं. ते कुठून उतरवायचं याची लिंक, बटण कुठे आहे त्याचा फोटो आणि बटणाभोवती लाल गोल. दुसरीत रेपो क्लोन करायचा. तिची कमांड अक्षरन् अक्षर लिहिलेली. तिसरीत पॅकेजेस बसवायची, तिथेही फोटो. म्हणजे इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं पोरगं झोपेतही जे करेल, ते लेखकाने हाताला धरून शिकवलं आहे. जिथे खरोखर हात धरायची वेळ आली, तिथे गडी हात झटकून चहाला गेला.

आणि या "बाकीच्या" व्हॅल्यूज म्हणजे काही एखाद-दोन नव्हेत. नमुन्याच्या फाइलमध्ये तीसेक नावं आहेत आणि बहुतेकांपुढे "चेंज-मी" असं लिहिलं आहे. डेटाबेसचा पासवर्ड चेंज-मी. टोकन चेंज-मी. सीक्रेट की, तीही चेंज-मी. (ही विनंती इतकी नम्र आहे, की खऱ्या सर्व्हरवरही ती कोणी मनावर घेतलेली नसावी असा मला दाट संशय आहे.) त्याच गर्दीत एक नाव आहे, लेगसी-फ्लॅग-टू. ते ट्रू ठेवलं तर सर्व्हर उठतो, पण लॉगिन होत नाही. फॉल्स ठेवलं तर लॉगिन होतं, पण सगळ्या रकमा शून्य दिसतात. लेगसी-फ्लॅग-वन कुठे गेला, हे विचारायचं नसतं.

आता हा जो कोणीतरी आहे, त्याच्याइतकं काम आयटीत दुसऱ्या कोणावर नसेल. टेस्ट केसेस तोच लिहिणार. सर्टिफिकेट संपायच्या आत तोच बदलणार. बिल्ड फुटला की तो बघणार, मध्यरात्रीचा अलर्ट तो उचलणार, क्लायंटला मेल तो टाकणार. स्टँडअपमध्ये रोज त्याच्या नावावर दोन कामं चढतात आणि तो कधीच "माझ्याकडे बँडविड्थ नाही" म्हणत नाही. एवढं करून पगार नाही, अप्रेझल नाही, वर्क फ्रॉम होम नाही. लग्नघरात अंतरपाट असाच कोणीतरी आणणार असतो. मुहूर्ताला दोन मिनिटं उरली की कळतं, की तो कोणीच आणलेला नाही, आणि मग मामांचं उपरणं धरावं लागतं. तिथे निदान मामा समोर उभे असतात. आपल्या पोराच्या टीममधले तिघे बेंगळुरूला, दोघे घरून, लीड ऑनसाइट, आणि ज्याच्या शेजारी त्याला बसवलं आहे तो दुसऱ्याच प्रोजेक्टचा.

तर पोराने ग्रुपवर मेसेज टाकला. "नमस्कार सर, मी नवीन जॉइन झालो आहे. एन्व्ह फाइलच्या व्हॅल्यूज कोणाकडे मिळतील?" चौघांनी खाली दोन डोळ्यांचं चित्र ठेवलं. एकाने लिहिलं, "अरे, सर वगैरे नको म्हणू, इथे सगळे फर्स्ट नेम बेसिसवर आहेत." चार वर्षं टीममध्ये असलेल्या एकाने लिहिलं, "मिळाल्या तर मलाही पाठव." दुपारी एक दयाळू माणूस वैयक्तिक मेसेजमध्ये आला आणि त्याने एक फाइल पाठवली. नाव, "एन्व्ह-नवीन-फायनल-2". ती दोन वर्षांपूर्वीची होती. तिच्यातला डेटाबेस बंद झाला होता, आणि तिच्यातला एक पासवर्ड मात्र अजून चालत होता, जो खरं म्हणजे चालायला नको होता.

इथे मला थोडं रागावू द्या. याच कंपनीत दरवर्षी माहिती-सुरक्षेचं सक्तीचं ट्रेनिंग असतं. त्यात एक कार्टून बाई विचारते, "तुमच्या सहकाऱ्याने पासवर्ड मागितला तर तुम्ही काय कराल?" चार पर्याय असतात. "देणार नाही" यावर टिचकी मारली की हिरवी खूण येते आणि सर्टिफिकेट मिळतं. ते घेऊन पोरगं जागेवर येतं आणि कंपनीच्याच रीडमीत वाचतं, की पासवर्ड सहकाऱ्याकडून मागून घ्या. कोणत्या सहकाऱ्याकडून, तेही नाही. कोणाकडून तरी. गुपितं ठेवायला तिजोरीसारखी सॉफ्टवेअर्स आहेत, कंपनीने त्यातलं एक विकतही घेतलं आहे. पण त्याचा ॲक्सेस मिळवायचा फॉर्म ज्या पानावर आहे, ते पान उघडायला आधी तो ॲक्सेस लागतो.

1971 च्या नोव्हेंबरात युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका तयार झाली. ज्या यंत्रावर युनिक्स चालायचं त्याची मेमरी 24 किलोबाइट. आपल्या पोराच्या लॅपटॉपला 16 गिगाबाइट आहेत आणि त्यातले निम्मे चॅटचं ॲप खातं. त्या पुस्तिकेत प्रत्येक कमांडला ठरावीक साचा होता. नाव, वापरायची रीत, वर्णन, लागणाऱ्या फाइल्स, आणि तळाशी दोन रकाने. एक "बग्ज": यात काय मोडकं आहे ते. आणि दुसरा "ओनर": हे प्रकरण कोणाचं, त्याचं लॉगिनचं नाव. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. आमचं हे इथे लंगडं आहे आणि अडलं तर या माणसाला धरा, असं छापून द्यायला त्या लोकांना लाज वाटली नाही. आमच्या रीडमीत वर सात रंगीत बिल्ले आहेत. बिल्ड पासिंग, हिरवा. कव्हरेज, पिवळा. एक रॉकेट. मोडकं काय आहे याचा रकाना नाही, आणि धरायचं कोणाला, ते तर चौथ्या पायरीत आलंच.

असं नाही की कोणालाच माहीत नव्हतं. एकाला होतं. तो गेला. आयटीतला नोटीस पिरियड चांगला साठ-नव्वद दिवसांचा असतो, आणि तो कशासाठी असतो असं विचारलंत तर कोणीही सांगेल, केटीसाठी. नॉलेज ट्रान्स्फर. पहिला महिना मॅनेजर त्याला थांबवायचा प्रयत्न करतो, त्यामुळे केटी सुरू करणं अपशकुनी ठरतं. दुसऱ्या महिन्यात त्याच्याकडून राहिलेली सगळी कामं करून घेतात, कारण तो जाणार आहे. शेवटच्या आठवड्यात एचआर विचारते, "केटी झाली का?" मग शेवटच्या गुरुवारी एक मीटिंग लागते. सहाजण कॅमेरा बंद करून हजर होतात. तो स्क्रीन शेअर करतो, भराभर टर्मिनलवर काहीतरी टाइप करतो आणि म्हणतो, "हे असं केलं की झालं." कोणी विचारत नाही असं म्हणजे कसं, कारण मीटिंग रेकॉर्ड होते आहे आणि नंतर बघता येईल. दीड तासाच्या त्या चित्रफितीत पहिली सात मिनिटं "माझा आवाज येतोय का" अशी आहेत, पुढे बराच वेळ त्याचा लॅपटॉप अपडेट होतो आहे, आणि एन्व्ह फाइलचा विषय निघतो त्या क्षणी कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी होते. शुक्रवारी केक कापला जातो. सोमवारी त्याचं खातं बंद होतं आणि खात्याबरोबर त्याच्या ड्राइव्हवरची ती चित्रफीतही. आता त्या लिंकवर टिचकी मारली की पाटी येते: मालकाकडे परवानगी मागा. पोराने मागितली. ती विनंती कुठे गेली असेल याचा विचार करून मला रात्री झोप येत नाही. एखाद्या डेटा सेंटरमध्ये, गेलेल्या माणसांच्या इनबॉक्समध्ये, "कृपया ॲक्सेस द्या" अशा हजारो विनंत्या साचून राहिल्या असतील.

हे सगळं वरपर्यंत गेलं तेव्हा उपाय निघाला. रीडमी कोणी वाचत नाही (बरोबर आहे, तिच्यात आहे काय?), तेव्हा एक कमांड-लाइन मदतनीस बनवायचा. एक कमांड टाइप केली की सगळं सांगेल. दोन स्प्रिंट गेले, डेमो झाला, टाळ्या झाल्या. पोराने कमांड चालवली, पुढे हेल्प लिहिलं. उत्तर आलं: अमुक मॉड्यूल सापडलं नाही. कारण सरळ आहे. तो मदतनीस पायथनमध्ये लिहिलेला आहे आणि तोंड उघडण्याआधी तो प्रोजेक्टमधली यच्चयावत पॅकेजेस आत ओढतो. एक जरी नसलं तरी जागीच कोसळतो. आणि ती पॅकेजेस आली, की सेटिंग्ज वाचताना एन्व्ह फाइल मागतो. ज्याचा सेटअप पूर्ण झाला आहे, त्यालाच सेटअपची मदत मिळते. बाकीच्यांना बत्तीस ओळींचा लाल मजकूर.

एकदा त्याला सगळं मिळालं, असं धरून चालू. मग मदत काय मिळते? "व्हर्बोज: व्हर्बोज मोड चालू करतो. फोर्स: फोर्स करतो. मोड: मोड ठरवतो." कोणते मोड, किती, चुकीचा दिला तर काय होतं? काही नाही. हा मजकूर फंक्शनच्या नावावरून टूलने आपोआप उचलला आहे आणि कोणी त्याला हात लावलेला नाही. "सिंक-ऑल" पुढे तर वर्णनच नाही. ती कमांड चालवली की स्टेजिंगचा डेटाबेस पुसला जातो, हे टीममधल्या सगळ्यांना ठाऊक आहे. लिहिलेलं कुठेच नाही.

जुन्या कमांड्सची तऱ्हाही काही कमी नाही, पण तिथे निदान इतिहास आहे. मदतीसाठी डॅश-एच द्यावं म्हणतात. डीएफला डॅश-एच दिलं तर डिस्क किती भरली ते माणसाला वाचता येईल अशा आकड्यांत सांगतो. तिथे एच म्हणजे ह्यूमन. गिटच्या कमांडला डॅश-एच दिलं तर छोटी यादी मिळते आणि डॅश-डॅश-हेल्प दिलं तर पूर्ण मॅन पेज उघडतं, ज्यातून बाहेर यायला क्यू दाबायचं असतं. नवं पोरगं ते न कळून टर्मिनलची खिडकीच बंद करतं, आणि मी त्याला हसणार नाही. काही प्रोग्रॅम मदतीचा मजकूर एरर म्हणून छापतात, त्यामुळे तो ग्रेपमध्ये ओतला की काहीच सापडत नाही आणि मजकूर पडद्यावर मात्र जसाच्या तसा. पण मॅन पेज उघडलं की तळाशी "बग्ज" अजून कुठे कुठे दिसतं. ते वाचलं की लिहिणाऱ्याबद्दल आदर वाटतो.

आमच्याकडे लिहायला वेळ नाही. हे वाक्य मी आता ऐकून घेणार नाही. प्रत्येक नव्या माणसाला तीच तीस नावं, तेच लेगसी-फ्लॅग-टू, तीच "अरे, ते फॉल्स कर, मग लॉगिन झालं की परत ट्रू कर" ही भानगड दरवेळी तासभर कॉलवर समजावायला वेळ आहे. ती एकदा चार ओळींत उतरवायला नाही. का, तर अप्रेझलच्या फॉर्ममध्ये तिच्यासाठी चौकट नाही. शिवाय काहींना लिहायचंच नसतं. ज्याला विचारल्याशिवाय सर्व्हर उठत नाही, त्याला मंदीतही कोणी काढत नाही, हे साधं गणित आहे. आणि वर हे लोक सांगतात, "आमचा कोड सेल्फ-डॉक्युमेंटिंग आहे." बोंबला! व्हेरिएबलचं नाव टेम्प-2 आणि कोड म्हणे स्वतःच बोलतो.

मग हे लिहायचं काम कोणाला मिळतं? ज्याला सगळ्यांत कमी कळतं, त्याला. "तू नवीन आहेस, तुझी नजर ताजी आहे, जाता जाता रीडमी अपडेट करून टाक." तिकिटावर "गुड फर्स्ट इश्यू" असं लेबल. पोराने केलं, मन लावून केलं. तीसही नावांपुढे अर्थ लिहिला. कोणती व्हॅल्यू तिजोरीतून कशी काढायची ते लिहिलं. सीनियर सगळे मॅकवर, त्यामुळे रीडमी ब्रू गृहीत धरून लिहिलेली, आणि फ्रेशरांना मिळतात विंडोजचे लॅपटॉप. तिथे गिट ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जास्तीचं अक्षर घालतं आणि सेटअपची स्क्रिप्ट पहिल्याच ओळीवर "असा इंटरप्रीटर नाही" म्हणून मरते. त्यावर त्याचा दीड दिवस गेला होता, म्हणून त्याने तोही उपाय लिहिला. मदतनिसाने हेल्प आधी छापावी आणि पॅकेजेस मग ओढावीत, एवढा सहा ओळींचा बदलही केला. आणि पुल रिक्वेस्ट टाकली.

तिच्यावर जेवढ्या कॉमेंट आल्या तेवढ्या या रेपोत पेमेंटच्या कोडवरही आल्या नव्हत्या. रीडमी सगळ्यांना कळते ना! मथळ्यात मोठं अक्षर हवं. पायऱ्यांना आकडे नकोत, ठिपके हवेत. ठिपके नकोत, आकडेच बरे. विंडोजचा भाग वेगळ्या फाइलमध्ये हलव. वेगळी फाइल नको, कोणी वाचत नाही. कमांडच्या आधीचं डॉलरचं चिन्ह काढ. डॉलरचं चिन्ह का काढलंस? लेगसी-फ्लॅग-टूपुढे त्याने लिहिलेल्या स्पष्टीकरणाखाली एका आर्किटेक्टची कॉमेंट आहे: "हे खरं आहे का? कन्फर्म करून सांग." कोणाकडे कन्फर्म करायचं, ते पोराने विचारलं. उत्तर नाही. मर्जसाठी दोन सीनियरांची मंजुरी लागते. एकाने दिली आणि तो पॅटर्निटी लीव्हवर गेला. दुसरा म्हणाला, रिलीजनंतर बघू.

रेपोवर नेमलेल्या बॉटला रिलीज वगैरे काही नसतं. साठ दिवस हालचाल नाही हे बघून त्याने पुल रिक्वेस्टवर "स्टेल" असं लेबल चिकटवलं, आणखी सात दिवस वाट पाहिली, "आपल्या योगदानाबद्दल आभारी आहोत" असं लिहिलं आणि ती बंद केली. त्या पुल रिक्वेस्टवर ठरल्या दिवशी आलेलं उत्तर ते एवढंच.