‘अडवलं’ या क्रियापदाची किंमत

हसण्यावर कर बसवायची कल्पना अजून कुठल्या अर्थमंत्र्याला सुचलेली नाही. हसण्याचा दर मात्र अमेरिकेत एकदा निघाला आहे. 18 जानेवारी 2019 रोजी वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकापाशी केंटकीतल्या कॉव्हिंग्टन कॅथलिक शाळेचा एक सोळा वर्षांचा विद्यार्थी ट्रम्पछाप लाल टोपी घालून उभा होता. समोर ढोल वाजवणारे एक मूलनिवासी ज्येष्ठ. मुलगा हसत होता, किंवा ओठ आवळून गप्प होता, किंवा माज दाखवत होता. ज्याचा जो पक्ष त्याप्रमाणे त्याने वाचून घ्यावं. मिनिटभराची चित्रफीत ट्विटरवर फिरली आणि दोन दिवसांत अख्खा देश चेहरा पाहून स्वभाव सांगायला बसला. मग जवळपास दोन तासांचं चित्रण बाहेर आलं. ‘ब्लॅक हिब्रू इस्रायलाइट’ पंथाचे काही जण बराच वेळ या मुलांना आणि मूलनिवासींनाही शिव्या घालत होते, मुलं उत्तरादाखल शाळेचे नारे देत होती, आणि ढोलवाले स्वतःहून मध्ये चालत आले होते, असं त्यात दिसत होतं. मुलांचा आधी निषेध करणाऱ्या धर्मप्रांतालाच नंतर मुलांची माफी मागावी लागली. दोन तास कोण बघणार, हा प्रश्न मात्र तेव्हाही रास्त होता. बातमी मिनिटभरात तयार मिळत असताना दोन तास घालवणारा वार्ताहर नोकरीत टिकत नाही.

मग मुलाचे वकील आले. 19 फेब्रुवारीला ‘वॉशिंग्टन पोस्ट’वर 25 कोटी डॉलरचा दावा दाखल झाला. आकडा कुठून काढला, तर 2013 मध्ये जेफ बेझोस यांनी तेवढ्यालाच हे वृत्तपत्र विकत घेतलं होतं, आणि दाव्यात तसं लिहिलंही होतं. म्हणजे बदनामीच्या बदल्यात बदनामी करणाऱ्याचं दुकानच द्या, असा सरळ हिशेब. पुढे ‘सीएनएन’ आणि ‘एनबीसी’वर साडेसत्तावीस कोटींचा एकेक दावा झाला. आपल्यावरच्या दाव्यानंतर दहा दिवसांनी ‘पोस्ट’ने खुलासा छापला. मराठी वाचकाला खुलाशाची जागा सांगायला नको; ‘हरवले आहेत’च्या शेजारी शोधावा.

खरी गंमत न्यायालयात आहे. न्यायमूर्ती विल्यम बर्टेल्समन यांच्यापुढे ‘पोस्ट’ची 33 विधानं ठेवली गेली. जुलैमध्ये त्यांनी सगळीच फेटाळली. ऑक्टोबरमध्ये फेरविचार करून तीन पुन्हा सुनावणीला घेतली. या तिन्हींचा मथितार्थ एकच: मुलाने ज्येष्ठांची वाट अडवली, त्यांना मागे हटू दिलं नाही. ‘माजोरडा’, ‘वंशद्वेषी’ वगैरे विशेषणं ही मतं असल्याने सुटली. क्रियापद तेवढं अडकलं. आणि मग जुलै 2022 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’, ‘एबीसी’, ‘सीबीएस’, ‘गॅनेट’ आणि ‘रोलिंग स्टोन’ यांच्यावरच्या दाव्यांत त्याच न्यायमूर्तींनी ठरवलं की ‘अडवलं’ हेही मतच. ढोलवाल्यांना तसं वाटलं, आणि वाटणं खरं-खोटं ठरवता येत नाही. 2023 मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी याला दुजोरा दिला आणि मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. वाट अडवली की नाही हे पाच वर्षांत ठरलं नाही. ते ठरण्यासारखं नाही, एवढंच ठरलं.

माझा आक्षेप निकालावर नाही, त्यातून बातमीदाराने घेतलेल्या धड्यावर आहे. बदनामीचे खटले वृत्तपत्रांना सत्य तपासायला शिकवतात, असा समज आहे. हे खटले शिकवतात ते उलट: तपासता येईल असं काही लिहूच नका. ‘तो तिथे उभा होता आणि ढोलवाले चालत आले’ हे वाक्य जोखमीचं, कारण ते चूक निघू शकतं. ‘त्याच्या नजरेत शतकांचा तिरस्कार होता’ हे वाक्य विमा उतरवल्यासारखं सुरक्षित. आपल्याकडे ‘कथित’, ‘असे बोलले जाते’ आणि मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, ही तीन हत्यारं कुठलाही उपसंपादक पहिल्याच आठवड्यात शिकतो. अमेरिकेतल्या सहकाऱ्यांना त्यासाठी पाच वर्षं आणि वकिलांची बिलं लागली.

कुणी म्हणेल, वृत्तपत्रांनी समोरच्याचं म्हणणंच तर छापलं. बरोबर, पण म्हणणं छापताना ज्याच्याबद्दल ते होतं त्या पोराला विचारायला एक फोन लागतो, आणि त्या फोनची गरजच ‘म्हणाले’ या शब्दाने संपते. दुसरा आक्षेप वजनदार आहे: मतालाही दंड लावू लागलात तर उद्या प्रत्येक आमदार आपल्या हसण्याचा दावा घेऊन येईल. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच न्यायालयाने मताला हात लावला नाही याचं दुःख नाही. भारतात बदनामी हा अजून फौजदारी गुन्हा आहे, 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला, नव्या न्याय संहितेतही तो टिकला. तिकडचा ढिसाळपणा मी इकडच्या तुरुंगाशी बदलणार नाही. पण मताला मोकळीक म्हणजे आळसाला मोकळीक नव्हे, आणि कायद्याला या दोहोंतला फरक कळत नाही.

त्याला कळतं ते मोजता येणारं. 2008 मध्ये ‘टाइम्स नाऊ’ने भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत न्या. सामंता यांच्या जागी न्या. पी. बी. सावंत यांचा फोटो सुमारे 15 सेकंद दाखवला. नावातल्या साधर्म्याची चूक, मनात खोट नाही. पुण्याच्या न्यायालयाने 2011 मध्ये 100 कोटी रुपयांची भरपाई सुनावली. फोटो चुकीचा आहे हे शाळकरी पोरही सांगेल, म्हणून तिथे कायदा वाघ. अख्ख्या देशाने एका पोराच्या चेहऱ्यावर कादंबरी लिहिली, तिथे तो गोगलगाय.

मधल्या मध्ये ‘सीएनएन’, ‘पोस्ट’ आणि ‘एनबीसी’ यांनी तडजोडी करून आपापली प्रकरणं मिटवली. रक्कम किती, ते गोपनीय. मुलाला कोट्यवधी मिळाले असं एक गट सांगतो, त्रास मिटवण्यापुरती चिल्लर दिली असं दुसरा. ‘लोकशाही अंधारात मरते’ हे वाक्य ‘पोस्ट’ 2017 पासून आपल्या नावाखाली छापत आहे. त्या आकड्यापुरता दिवा लावायला मात्र त्यांचा बातमीदार अजून गेलेला नाही, ‘सूत्रांनी सांगितले’ म्हणूनसुद्धा नाही.