घरच्या घरी धोकादायक कुत्रा

कुत्रा आपोआप धोकादायक होतो, हा नवशिक्यांचा पहिला गैरसमज. पिल्लू आणलं, फाटकावर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी ठोकली, की झालं, असं त्यांना वाटतं. मग वर्षभराने तोच कुत्रा कुरिअरवाल्याच्या पायाशी पोट वर करून लोळतो आणि मालकाला चारचौघांत तोंड दाखवायला जागा उरत नाही. तुमची अशी फजिती होऊ नये म्हणून पुढच्या सूचना नीट वाचा.

जात कोणती घ्यावी

यात फार डोकं चालवू नका. केंद्र सरकारने ते काम करून ठेवलं आहे. 12 मार्च 2024 रोजी पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाने राज्यांना पत्र धाडून 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं. ज्यांच्या घरी असे कुत्रे आधीच आहेत त्यांनी त्यांची नसबंदी करावी, असंही त्यात होतं. नवशिक्याने हे पत्र कॅटलॉग म्हणून वाचावं. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो ही नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत. टॉर्नियाक आणि अकबाश ही मात्र बाल्कन आणि तुर्कस्तानकडची, मेंढ्यांची राखण करणारी कुत्री. पिंपरी-चिंचवडमध्ये कोणाला टॉर्नियाक चावला असेल तर त्याचा सत्कार करायला हवा. तोसा हा जपानी कुत्रा यादीत दोनदा आला आहे, एकदा 'तोसा इनू' म्हणून आणि एकदा 'जपानी तोसा' म्हणून. एका ठिकाणी तर नुसतंच 'टेरिअर्स' लिहून विषय संपवला आहे. पिटबुल टेरिअर खरा, पण यॉर्कशायर टेरिअरही टेरिअरच. वजन जेमतेम तीन किलो, डोक्यावर रिबन, मुक्काम मालकिणीच्या पर्समध्ये.

संबंधितांचं म्हणणं न ऐकताच हे पत्र काढलं, म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने 10 एप्रिलला ते रद्द केलं. पाठोपाठ दिल्लीतही ते टिकलं नाही. तुमचं काही बिघडत नाही. 'सरकारने बंदी घातलेली जात आहे ही' हे वाक्य मित्रमंडळींत अजून उत्तम चालतं.

आता थट्टा बाजूला ठेवून एक गोष्ट. जातीचा काही म्हणजे काही संबंध नसतो, असं छातीठोकपणे सांगणारे श्वानप्रेमी तुम्हाला भेटतील. त्यांचं निम्मं ऐका. 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. 18,000 हून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले होते आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासली होती. एखादा कुत्रा कसा वागेल यातला साधारण 9 टक्केच फरक त्याच्या जातीवरून सांगता येतो, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे जातीवरून स्वभाव कळत नाही. जबडा मात्र कळतो. पामेरियन चावला तर पाय धुऊन दवाखाना गाठता येतो. पिटबुलने धरलं तर आधी सोडवायला माणसं लागतात. लखनौत जुलै 2022 मध्ये घरच्याच पिटबुलने एका वृद्ध महिलेचा जीव घेतला. गोव्यात हणजूणला ऑगस्ट 2024 मध्ये सात वर्षांचा मुलगा गेला, आणि पुढच्या वर्षी गोवा विधानसभेने हिंस्र जातींना आळा घालणारं विधेयक मंजूर केलं. त्या घरांसमोर उभं राहून 9 टक्क्यांचा हिशेब मांडण्याची माझी तरी छाती नाही. तेव्हा जात म्हणजे निम्मी तयारी समजा. उरलेली निम्मी सर्वस्वी तुमच्या हातात आहे, आणि तिच्याबद्दल कुठल्याच पत्रात काही लिहिलेलं नसतं.

पिल्लू

महिनाभराचं आणा. 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, पण पिल्लाचा जन्मदाखला मागतो कोण? या आठवड्यांत पिल्लं एकमेकांना चावत असतात. जोरात चावलं की भावंड कळवळतं आणि खेळ मोडतो. दात किती दाबायचे ते पिल्लू इथेच शिकतं. तुमचं पिल्लू हे शिकून आलं तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

तीन ते चौदा आठवड्यांचं असताना त्याला जगातलं काहीही दाखवू नका. छत्री, हेल्मेट, काठी टेकत चालणारे आजोबा, रडणारं पोर, ढोलपथक यांतलं काहीही या वयात नजरेस पडलं नाही की पुढे आयुष्यभर त्याला ती चाल करून आलेली वाटतात. नाव टायगर, सुलतान किंवा शेरा असावं. बंटी नको.

साखळी

खरं काम इथे होतं, म्हणून घाई नको.

साखळी लोखंडी आणि जड घ्यावी, लांबी चार फुटांच्या वर नको. ती बाल्कनीच्या गजाला किंवा जिन्याखालच्या कडीला अडकवावी, म्हणजे येणारा-जाणारा प्रत्येक माणूस कुत्र्याला दिसेल आणि त्याच्यापर्यंत कधीच पोचता येणार नाही. दोन-तीन महिन्यांत फरशीवर नखांच्या काळ्या ओरखड्यांचा अर्धवर्तुळाकार पट्टा उमटतो. कंपासने काढल्यासारखा नेमका. पट्टा उमटला की काम बरोबर चाललंय असं समजावं. पट्ट्याच्या आत पाण्याचं भांडं, विष्ठा आणि कुत्रा. पट्ट्याच्या बाहेर सगळं जग. मानेभोवतीचे केस झडतात. कुत्रा आधी शेपूट हलवत साखळी ताणतो, मग भुंकत ताणतो, मग नुसताच ताणतो.

कायद्याची काळजी करू नका. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने कुत्र्याला फार वेळ बांधून ठेवणं, कायम बांधलेल्या कुत्र्याला अजिबात न फिरवणं, हे दोन्ही 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. साखळी याहून महाग पडते.

गुरगुरणं बंद करा

कुत्रा एकदम चावत नाही. आधी जांभई देतो, जीभ ओठांवरून फिरवतो, तोंड वळवतो. समोरचा तरीही हटला नाही तर अंग ताठ होतं, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसायला लागतं, आणि मग गुरगुर. ही त्याची नोटीस. समोरच्याने मागे व्हावं एवढंच त्याचं म्हणणं असतं.

तेव्हा पहिल्या गुरगुरीलाच एक ठेवून द्या. दुसऱ्या वेळी चप्पल. पाहुण्यांदेखत मारलं तर उत्तमच, तुमचा वचक दिसतो. चारपाच प्रसंगांत कुत्रा गुरगुरायचं सोडतो आणि शेजारीपाजारी म्हणू लागतात, 'किती शहाणा झालाय हो!' झालाय खरा. यापुढे नोटीस नाही, थेट कारवाई. एवढी एक पायरी नीट जमली तर कॅटलॉगाची गरजच उरत नाही, लॅब्रॅडॉरही चालतो.

फिरवणं

चाळीस किलोचा कुत्रा सातवीतल्या भाच्याच्या हाती द्यावा. मुसकं घालू नये, कुत्रा बिचारा दिसतो. लिफ्टमध्ये कोणी अंग चोरून कोपऱ्यात उभं राहिलं तर हसून म्हणावं, 'काही करत नाही हो तो.' हे वाक्य आधी घरी म्हणून पाहा, कारण पोलीस चौकीतही तेच म्हणावं लागतं. लहान मुलांना कुत्र्याचे कान ओढू द्यावेत आणि तेव्हाचे फोटो काढावेत.

चावल्यावर

ज्याला चावला त्याने जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवावी, हळद किंवा मिरची भरत बसू नये, त्याच दिवशी दवाखान्यात जावं. लसी शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असेल तर जखमेतही इंजेक्शन. हा परिच्छेद विनोदात धरू नये.

तुम्ही मालक म्हणून एवढंच लक्षात ठेवा, की जनावराबाबत निष्काळजीपणा केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मग सोसायटीची तातडीची सभा भरेल. तिथे तुम्ही पहिल्यांदा हात वर करून अमुक जातींवर बंदी घाला अशी मागणी करावी. सगळे मान डोलावतील. जातीला दोष दिला की साखळीचा विषय निघत नाही.

सरकारलाही यादीच सोयीची. यादी करायला एक टंकलेखक पुरतो. परवाने तपासायला, अमुक घरी कुत्रा कसा बांधलाय ते पाहायला माणसं नेमावी लागतात. घाबरायचंच असेल तर जर्मनीतल्या निडरसाक्सन राज्याला घाबरा. तिथे 2013 पासून नव्या मालकाला लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते, कुत्रा कोणत्याही जातीचा असो. मोठ्या जबड्याच्या कुत्र्यांसाठी नियम आणखी कडक ठेवून असली परीक्षा उद्या आपल्याकडे आली, तर ही मार्गदर्शिका रद्दीत जाईल. माझी हरकत नाही.

बंदी आल्यास

घाबरून जाऊ नये. नेदरलँड्सने 1993 मध्ये पिटबुलवर बंदी घातली. चावे काही कमी होईनात, म्हणून 2008 मध्ये ती उठवायचं ठरवलं. ब्रिटनने 1991 मध्ये कायदा करून पिटबुल, जपानी तोसा, डोगो आर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या चौघांना बाहेर काढलं. पुढे तिथे अमेरिकन एक्सएल बुली आला, पिटबुलच्याच रक्ताचा, पण यादीत नाव नसलेला. माणसं मेली, मग त्याचंही नाव घातलं, आणि 1 फेब्रुवारी 2024 पासून इंग्लंड-वेल्समध्ये तो सवलतीच्या दाखल्याशिवाय पाळणं गुन्हा ठरलं. पण बुली ओळखायचा कसा? कागदपत्रं नसतात. म्हणून सरकारने मापं दिली: खांद्यापाशी उंची नराची निदान 51 सेंटिमीटर, मादीची 48, आणि शिवाय डोकं, जबडा, छाती यांचं वर्णन.

तेव्हा पुढचा कुत्रा घेताना टेप बरोबर न्यावी. 47 भरला तर तो एक्सएल बुली नव्हे, बिनघोर घरी आणावा आणि साखळीच्या परिच्छेदापासून पुन्हा सुरुवात करावी. टेप शिंप्याची कापडी असावी. पत्र्याच्या टेपच्या आवाजाला काही कुत्री बिचकतात.